पाच स्वर, सहा ध्वनी, बादुआनजिन: 'ची' (शरीरात वाहणारी जीवनऊर्जा) पाहून संगीत आणि हालचाल निवडायची कशी?

मंदगती

पारंपरिक चिनी वैद्यकातला पाच स्वर आणि पाच अवयवांचा तक्ता इथल्या बहुतेकांना पाठ असेल. गोंग प्लीहेचा, शांग फुप्फुसांचा, ज्युए यकृताचा, झी हृदयाचा, यू मूत्रपिंडांचा; पंचतत्त्वं त्याच क्रमाने माती, धातू, लाकूड, अग्नी, पाणी. तक्ता समजतो, पण वापरायला गेलं की अडतं.

चिडचिड वाढली असेल तर यकृताचा स्वर म्हणून ज्युए ऐकायचा, की धातू लाकडाला आवरतो म्हणून शांग? दोन्ही सल्ले वाचायला मिळतात आणि दोन्ही पंचतत्त्वांच्याच आधाराने दिलेले असतात. दुसरं, बादुआनजिन हा आठ हालचालींचा चिनी व्यायाम करताना संगीत चालू ठेवावं का, आणि ठेवलं तर कोणत्या लयीचं? तिसरं, थकलेल्या माणसाने हालचाल करावी की नुसतं बसून ऐकावं? त्याच आठ हालचालींनी एकाला तरतरी येते आणि दुसरा गळून जातो, याचं कारण काय? आणि शेवटचं, संध्याकाळी उशिरा सराव केल्यावर अनेकांची झोप का उडते?

'जे ऐकून शांत वाटेल ते ऐका' यापलीकडचं उत्तर हवं आहे. सिद्धान्त आणि कृती दोन्हींसकट कुणी सांगेल का?

पंचस्वर

आधी स्वरांचं बघू. तिथे घोळ झाला की पुढचं सगळंच चुकतं.

गोंग, शांग, ज्युए, झी, यू ही ठरावीक कंपनसंख्यांची नावं नाहीत. ते एकमेकांशी असलेलं नातं आहे. जुन्या चिनी गणितात तारेची लांबी 81 भाग धरतात, तो गोंग. तिचे दोन तृतीयांश घेतले की 54, तो झी. 54 मध्ये एक तृतीयांश मिळवला की 72, तो शांग. पुन्हा दोन तृतीयांश म्हणजे 48, तो यू. त्यात एक तृतीयांश मिळवला की 64, तो ज्युए. तार 81 ची असो वा दुसऱ्या कुठल्या मापाची, प्रमाण तेच राहतं. मूळ स्वराची पट्टी राजवटीगणिक बदलत गेलेली आहे. त्यामुळे 'यकृतासाठी अमुक हर्ट्झ' असं लिहिलेली ध्वनिफीत दिसली तर ती कल्पना चिनी वैद्यकातली नाही, एवढं नक्की समजा.

आपल्या स्वरांत सांगायचं तर हे सा रे ग प ध. आता नीट लक्ष द्या: 'ज्युए ऐका' याचा अर्थ गंधार हा एकच स्वर ऐका असा नाही. ज्या रचनेचा मुक्काम गंधारावर आहे, जी फिरून फिरून तिथे येते आणि तिथेच संपते, ती ज्युए रचना. मूर्च्छना माहीत असणाऱ्यांना हे लगेच कळेल. याच पाच स्वरांत षड्ज गोंगवर ठेवला तर भूपाचे स्वर मिळतात, शांगवर ठेवला तर मेघाचे, ज्युएवर मालकंसाचे, झीवर दुर्गेचे आणि यूवर धानीचे. मात्र हा फक्त स्वरांतरांचा मेळ झाला. राग म्हणजे चलन, वादी-संवादी, आरोह-अवरोह. ज्युएकडून चिनी परंपरेची अपेक्षा वर उठणाऱ्या, पसरणाऱ्या, वसंतातल्या अंकुरासारख्या चालीची आहे. मालकंसाचा संथ, गंभीर आलाप तसा अजिबात नाही. तेव्हा यकृतासाठी मालकंस लावून बसू नका.

तयार ध्वनिफीत तपासायची असेल तर शेवटचा स्वर गुणगुणून धरून ठेवा आणि त्याला सा माना. मग त्याच्या वरचा लगतचा स्वर पाहा. कोमल ग आला तर ती ज्युए किंवा यू. त्यात पंचम असेल तर यू, नसेल तर ज्युए. शुद्ध रे आला तर पुढचा स्वर बघा. शुद्ध ग असेल तर गोंग. ग नसून थेट म आला तर शांग किंवा झी, आणि त्यात कोमल नी असेल तर शांग, शुद्ध ध असेल तर झी. वेष्टनावर 'यकृत' लिहिलेल्या पुष्कळ फिती या कसोटीला उतरत नाहीत, कारण ज्युएवर थांबणाऱ्या रचना चिनी संगीतात मुळातच कमी आहेत.

अवयवांशी सांगड कुठून आली? 'ह्वांगदी नेइजिंग' या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथातल्या 'सूवेन' भागाच्या पाचव्या अध्यायात ती सरळ दिलेली आहे. तिथे स्वरासोबत माणसाचा आवाजही आहे: यकृताला ओरडणं, हृदयाला हसणं, प्लीहेला गाणं, फुप्फुसांना रडणं, मूत्रपिंडांना कण्हणं. सिमा छ्येनच्या इतिहासग्रंथातल्या संगीतावरच्या प्रकरणात संगीत रक्तवाहिन्यांना हलवतं, चेतनेला वाहतं करतं आणि मनाला समतोल आणतं, असं म्हटलं आहे. म्हणजे संगीत आणि हालचाल या त्या वैद्यकात दोन वेगळ्या शाखा नव्हेत. दोन्हींचं काम 'ची' वाहती ठेवणं हेच.

नाडीवाचक

ज्युए की शांग, या प्रश्नावर. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या माणसांसाठी. अवयवाचं नाव पाहून स्वर निवडणं ही पहिली चूक. आधी 'ची' कोणत्या दिशेने चालली आहे ते पाहायचं.

'सूवेन'च्या 39 व्या अध्यायात नऊ कारणं दिली आहेत. रागाने 'ची' वर चढते, आनंदाने सैल होते, शोकाने विरते, भीतीने खाली उतरते, थंडीने आखडते, उष्णतेने गळते, दचकल्याने विस्कटते, श्रमाने खर्च होते आणि विचाराने गाठ बसते. माझ्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी उतारा हाच. पाच तत्त्वांनाही अशाच दिशा आहेत. लाकूड वर आणि बाहेर, अग्नी सर्वांत वर, माती मधोमध, धातू आत आणि खाली, पाणी सर्वांत खाली साठवण.

आता चिडचिड घ्या. एक माणूस गप्प राहून धुमसतो. वारंवार उसासे टाकतो, बरगड्यांखाली भरल्यासारखं वाटतं, घशात काहीतरी अडकल्याचा भास होतो, आणि बाहेर पडून चाललं की बरं वाटतं. त्याची 'ची' अडलेली आहे. तिला पसरायला वाट हवी, म्हणून ज्युए. दुसरा तोंड लाल करून ओरडतो, कपाळाच्या कडा ठणकतात, कानात आवाज येतो, डोळे तांबारतात. त्याची 'ची' आधीच वर धावते आहे. त्याला ज्युए दिला तर चढणीला आणखी जोर मिळेल. तिथे उतरता, आवरता शांग, किंवा लाकडाला पाणी मिळावं म्हणून संथ, खालच्या सप्तकातला यू. शोक रागावर मात करतो हे भावनांचं जुनं सूत्रही इथेच बसतं, कारण शांग हा शोकाच्या जवळचा स्वर आहे. पण ज्याच्या मनात आधीच दुःख साचलं आहे त्याला राग आला तरी शांग देत नाहीत.

विचारांच्या गाठीसाठी दोन मार्ग. माती स्वतः भक्कम व्हावी म्हणून गोंग, किंवा लाकूड मातीला भेदतं म्हणून ज्युए. जेवणावर वासना नाही, पोट जड, हातपाय गळलेले, तरी डोकं त्याच त्याच विषयाभोवती फिरतंय, अशा वेळी गोंगने सुरुवात करतात. अंगात ताकद आहे आणि फक्त विचार सुटत नाहीत, तर ज्युए.

आता थकवा. थकवा दोन प्रकारचा असतो आणि फरक ओळखायला सोपी चाचणी आहे: सपाट जागेवर दहा मिनिटं मध्यम गतीने चाला. चालल्यावर अंग हलकं झालं, जांभया थांबल्या, तर 'ची' कमी नव्हती, अडली होती. अशा माणसाला हालचाल हेच औषध, आणि ती थोडी मोकळी, हात लांबवणारी हवी. चालल्यावर आवाज क्षीण झाला, घाम सुटला, पडून राहावंसं वाटलं, तर 'ची' खरोखर कमी आहे. त्याने आठही हालचाली करू नयेत. दोन-तीन हालचाली, अर्ध्या आवर्तनांत, आणि उरलेला वेळ बसून श्वास. तुम्ही विचारलंत ना, एकाला तरतरी येते आणि दुसरा गळतो? कारण एवढंच आहे. श्रमाने 'ची' खर्च होते, हे तर त्या नऊ कारणांतच आहे.

पण याचा अर्थ कमी ताकदीच्या माणसाने लोळून राहावं असाही नाही. त्याच ग्रंथाच्या 23 व्या अध्यायात पाच अतिरेक आहेत: फार वेळ पाहण्याने रक्ताला, फार पडून राहण्याने 'ची'ला, फार बसण्याने मांसाला, फार उभं राहण्याने हाडांना आणि फार चालण्याने स्नायुबंधांना इजा होते. लोळणं 'ची'लाच मारक आहे, हे पुष्कळजण विसरतात.

मंदगती

हे फारच उपयोगी आहे. म्हणजे तक्ता शेवटी वापरायचा, आधी दिशा ठरवायची. मग हालचालींनाही अशीच दिशा असते का? आणि श्वास सोडताना म्हणायचे ते सहा ध्वनी मोठ्याने म्हणायचे की मनात? श्यू यकृताला आणि ह हृदयाला, हे नेमकं कधीपासून ठरलं?

सैलखांदे

हालचालींनाही दिशा असते, आणि स्वरांपेक्षा ती अनुभवाला लवकर येते.

बादुआनजिनच्या आठ हालचाली बघा. पहिली, दोन्ही तळव्यांनी आकाश पेलणं: छाती, पोट आणि ओटीपोट या तिन्ही कप्प्यांतून वर-खाली ताण, या तीन कप्प्यांनाच सानज्याव म्हणतात, त्यांचं नियमन. दुसरी, धनुष्य ओढणं: छाती उघडते, फुप्फुसांना जागा मिळते. तिसरी, एक हात वर आणि एक खाली: ओढ उलट दिशांना असल्याने मधल्या भागावर, प्लीहा आणि जठरावर काम होतं. चौथी, मान वळवून मागे पाहणं. पाचवी, रुंद पवित्र्यात डोकं आणि माकडहाड घुमवणं: हृदयातला 'अग्नी' खाली आणण्यासाठी. सहावी, पाठीवरून हात फिरवत पावलांपर्यंत वाकणं: कंबर आणि मूत्रपिंड. सातवी, मुठी आवळून डोळे वटारणं: ही लाकडाची हालचाल, यकृताची. आठवी, टाचा उचलून सोडणं: सगळं खाली उतरवणं. म्हणून गप्प धुमसणाऱ्याला दुसरी आणि सातवी मानवते. लाल तोंडाच्या, डोकं ठणकणाऱ्या माणसाने सातवी वगळावी, पाचवी आणि आठवी सावकाश करावी. कमी ताकदीच्या माणसाला पहिली, तिसरी आणि आठवी पुरे.

आवर्तनं: चीनच्या क्रीडा प्रशासनाने 2003 साली प्रमाणित केलेल्या स्वरूपात पहिली हालचाल सहा वेळा, डाव्या-उजव्या बाजूंच्या हालचाली प्रत्येकी तीन-तीन आणि शेवटची सात वेळा. सगळं मिळून साधारण बारा मिनिटं.

बिघडतं कुठे तेही सांगतो. पहिल्या हालचालीत खांदे कानांपर्यंत चढतात आणि कंबर मागे मोडते. मग ताण पोटापर्यंत पोचत नाही, मानेत अडकतो, आणि नंतर डोकं जड होतं. उपाय: तळवे छातीपर्यंत आले की तिथे ते उलटे करा, आधी कोपरं सैल, मग वर ढकला. वर पोचल्यावर हनुवटी किंचित आत घ्या, दोनेक सेकंद थांबा. या थांब्यात श्वास कोंडणारे फार असतात. थांबायचं ताणाने, श्वासाने नव्हे. दुसऱ्या हालचालीत बहुतेकांचं लक्ष धनुष्याच्या हाताकडे असतं, आणि दोरी ओढणारा हात खांद्यापाशी येईपर्यंत मागे जातच नाही, त्यामुळे छाती उघडत नाही. पाचवीत मानेलाच गरगर फिरवतात. खरं तर फिरतं माकडहाड, मान त्याच्या मागून सैल येते. आठवीत टाचा धाडकन आपटतात. अर्ध्यापर्यंत सावकाश उतरा, शेवटचा थोडासा भाग सोडून द्या, दात हलके मिटलेले, गुडघे ताठ नाहीत. धक्का मणक्यातून मऊपणे वर गेला पाहिजे, डोक्यात बसता कामा नये.

सहा ध्वनींचा क्रम: श्यू यकृत, ह हृदय, हू प्लीहा, स्स फुप्फुसं, छुए मूत्रपिंड, शी सानज्याव. प्रत्येक सहा वेळा, एकूण 36. नाकाने श्वास आत, ध्वनी फक्त उच्छ्वासावर. शिकताना आवाज काढायचा, कारण ओठ आणि जीभ योग्य जागी आहेत का हे कानालाच कळतं. बसल्यावर तो हळू करत न्यायचा आणि शेवटी फक्त आकार ठेवून निःशब्द सोडायचा. श्यूला ओठांचे कोपरे मागे ओढलेले आणि डोळे उघडे, हूला ओठ गोल, स्सला दात जवळ. घशातून जोर लावलात तर घसा कोरडा पडतो आणि छातीत आवळल्यासारखं होतं. तसं झालं की आवाज निम्मा करा. उच्छ्वास पूर्ण रिकामा होईपर्यंत ताणू नका. थोडा शिल्लक असतानाच थांबलं की पुढचा श्वास आपोआप खोल येतो.

कधी ठरलं? ताओ होंगजिंग (456–536) या ताओपंथी वैद्याच्या ग्रंथात आत घेण्याचा एक आणि सोडण्याचे सहा असे श्वास दिले आहेत. पण तिथली वाटणी आजची नाही. त्याच्याकडे यकृताला ह आहे आणि फुप्फुसांना श्यू. आजची वाटणी नंतरच्या वैद्यांनी फिरवून बसवलेली आहे. माझ्या दृष्टीने त्याने प्रत्येक ध्वनीच्या परिणामाबद्दल जे लिहिलं ते जास्त टिकाऊ आहे: श्यू साचलेलं विखुरतो, ह 'ची' खाली आणतो. हे वरच्या दिशांच्या चर्चेशी नेमकं जुळतं. सहाही ध्वनी मुख्यतः बाहेर टाकणारे आहेत, हेही लक्षात ठेवा. अशक्त माणसाने सहाच्या जागी तीनच म्हणावेत आणि दोन ध्वनींच्या मध्ये एक-दोन साधे श्वास घ्यावेत.

संगीत चालू ठेवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिले काही आठवडे नको. प्रमाणित ध्वनिफितीतली ओळ तुमच्या श्वासापेक्षा लांब असली की तुम्ही ओळ पुरी होईपर्यंत श्वास धरून ठेवता, आणि चक्कर, छातीत दाटणं, जांभया हे सगळं तिथून सुरू होतं. लय श्वासामागे यायला हवी, श्वास लयीमागे ओढला जाता कामा नये.

पंचस्वर

सैलखांदे, थोडी असहमती. ठेका असलेलं संगीत नको हे मान्य. पण गुछिन हे तंतुवाद्य किंवा श्याव बासरी यांचं मुक्त लयीतलं वादन श्वासाला बांधत नाही, आणि घाई करणाऱ्याला ते नुसतं कानावर पडल्यानेही मंद करतं. आवाज इतकाच हवा की स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू येत राहील. श्वास ऐकू येईनासा झाला तर संगीत जास्त झालं, हे मोजमाप पुरतं.

दुसरं, ऐकणं आणि वाजवणं यांत मोठा फरक आहे. ओउयांग श्यू (1007–1072) या चिनी साहित्यिकाने लिहून ठेवलं आहे की उदासीच्या आजारात तो मित्राकडे गुछिन शिकला, गोंग स्वरातल्या काही रचना घेतल्या, आणि त्यात रमताना आजाराचं भानच राहिलं नाही. दुसऱ्या एका टिपणात तो दोन्ही हातांची मधली बोटं आखडल्याचं सांगतो. वैद्याने त्याला सांगितलं की अडलेल्या 'ची'ला वाट द्यायची तर बोटं सतत हलवली पाहिजेत, आणि त्याला गुछिन वाजवणंच योग्य. एकाच वाद्याने मनाची गाठही सुटते आणि बोटांचीही. ज्यांना शक्य आहे त्यांनी कोणतंही वाद्य किंवा गाणं स्वतः करावं. गाणं हा प्लीहेचा आवाज आहे, हे 'सूवेन'चं म्हणणं वर आलंच आहे.

वैद्यानेच संगीत आणि हालचाल एकत्र वापरल्याचं उदाहरणही आहे. झांग त्सिह (1156–1228) हा वैद्य दुःखाने छातीत दुखणाऱ्या रुग्णांना सुई टोचताना बासरी-ढोलाच्या साथीवर नाच करवीत असे. आनंद शोकाला जिंकतो, हे सूत्र त्याने अक्षरशः अंगणात उतरवलं.

नाडीवाचक

झोपेचा मुद्दा राहिला. 'नेइजिंग'च्या 'लिंगशू' भागात रक्षक 'ची' दिवसभरात शरीराच्या पन्नास फेऱ्या करते असं सांगितलं आहे, पंचवीस दिवसा यांग (बाहेरच्या) भागात आणि पंचवीस रात्री यिन (आतल्या) भागात. ती यांगमधून आत यिनमध्ये शिरली की झोप. झोपायच्या तासभर आधी धनुष्य ओढलं, मुठी आवळल्या, वर झी किंवा ढोल ऐकला, तर तिला पुन्हा पृष्ठभागावर बोलावल्यासारखं होतं. सिद्धान्त बाजूला ठेवला तरी वेगवान लय आणि ताकदीची हालचाल नाडी वाढवतात, हे कुणालाही मनगटावर बोटं ठेवून मोजता येईल.

रात्री आठनंतर करायचंच असेल तर पहिली हालचाल निम्म्या ताणाने, पाचवी छोट्या वर्तुळात, आठवीत टाचा न आपटता फक्त उचलणं-टेकवणं. ध्वनींपैकी ह आणि छुए. संगीत यू किंवा गोंगचं, वीस-तीस मिनिटं, आणि ते संपल्यावर लगेच दिवा मालवायचा. पुढची फीत आपोआप सुरू होणार नाही असं करून ठेवा. मध्यरात्री सुरू होणाऱ्या वेगळ्या रचनेने झोप मोडते, आणि मग दोष पद्धतीला दिला जातो.

तोलूनमापून

या सगळ्यात एक बाजू सुटायला नको. 'ची' मोजता येत नाही, आणि पाच स्वर अमुक अवयवावर काम करतात याला शरीरशास्त्रात आधार नाही. संगीताने चिंता आणि वेदना कमी जाणवतात याचे पुरावे आहेत, पण त्यात शांग आणि ज्युए यांचा भेद सिद्ध होत नाही. प्लीहा, मूत्रपिंड ही नावंही त्या वैद्यकात कार्यसमूहांची आहेत. 'मूत्रपिंडांची ची कमी' याचा अर्थ रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असा नाही, आणि क्रिएटिनिन वाढलेल्याने यू ऐकत बसू नये.

हालचालींची स्थिती बरीच चांगली आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत पार्किन्सनच्या 195 रुग्णांत ताई ची करणाऱ्यांचा तोल ताकदीच्या आणि ताणाच्या व्यायामांपेक्षा जास्त सुधारला. वृद्धांचं पडणं कमी होतं यालाही चांगला आधार आहे. मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीने हृदयगतीतला श्वासानुसार होणारा चढउतार वाढतो, हे मोजलेलं आहे. सहा ध्वनींचा लांब उच्छ्वास माणसाला त्याच गतीजवळ नेतो. त्यामुळे त्यांचा गुण येण्यासाठी यकृताची वाटणी खरी असावी लागत नाही.

काळजी कुणी घ्यायची: काचबिंदू किंवा आवाक्यात नसलेला रक्तदाब असेल तर सहावी हालचाल कंबरेपर्यंतच, डोकं हृदयाखाली न नेता. मणक्याची चकती सरकलेली असेल तर सहावी नकोच. चक्कर येण्याची सवय असेल तर पाचवी वगळा आणि चौथीत मान सावकाश वळवा. हाडं ठिसूळ असतील तर आठवीत टाचा उचला, सोडू नका, आणि हाताशी खुर्चीची पाठ ठेवा. गरोदरपणात खोल वाकणं, टाचांचा धक्का आणि जोरदार ध्वनी टाळा. जेवणानंतर किमान तासभर थांबा. सराव करताना छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला, तर 'अडलेली ची सुटते आहे' असा अर्थ लावत बसू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. आणि मनात विचित्र आवाज ऐकू येणं, झोप पूर्ण उडणं, भव्य कल्पना सुचणं असं काही सुरू झालं तर सराव लगेच बंद करून मनोविकारतज्ज्ञाला भेटा. चुकीच्या ची-कुंग (श्वास आणि हालचालींनी 'ची' साधण्याच्या) सरावातून बिघाड होतो, हे चिनी परंपरा स्वतःही मानते.

मंदगती

सगळ्यांचे आभार. शेवटचा एक प्रश्न. अनेक वर्णनांत 'समाप्ती' नावाचा भाग असतो, पण ध्वनिफितीत तो दहा सेकंदांत उरकतात. तो खरंच लागतो का? आणि व्यायामाच्या 44 आकृत्या रंगवलेलं जे जुनं रेशमी कापड सापडलं, त्यात संगीताचा उल्लेख आहे का?

सैलखांदे

रेशमावरची ती चित्रं 1973 साली चीनच्या हुनान प्रांतातल्या मावांगद्वीच्या तिसऱ्या थडग्यात मिळाली. थडगं इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद झालेलं. त्यात उभी-वाकलेली स्त्री-पुरुषांची 44 चित्रं आहेत, काहींच्या शेजारी आजाराचं किंवा प्राण्याचं नाव. अस्वल आणि माकड तिथेच भेटतात, म्हणजे ह्वा त्वो या प्राचीन वैद्याच्या वाघ, हरीण, अस्वल, माकड, पक्षी या पाच खेळांच्या आधी काही शतकं. वाद्यं नाहीत. नृत्याशी दुवा हवा असेल तर तो 'ल्यूशी छुन्छ्यू' या इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या ग्रंथात आहे: पाणी तुंबून राहिलं, माणसांची 'ची' साचली, स्नायू आणि हाडं आखडली, म्हणून त्यांना मोकळं करायला नृत्य रचलं, असं तिथे म्हटलं आहे.

समाप्ती लागते, आणि ती दहा सेकंदांची नव्हे. हालचालींनी रक्त आणि उष्णता हातापायांकडे गेलेली असते. तसंच उठून कामाला लागलं की काहींना हात थरथरल्यासारखे वाटतात, काहींना डोक्यात पोकळ वाटतं. आठवी हालचाल झाली की पावलं जवळ आणा, दोन्ही हात बाजूंनी गोल फिरवत बेंबीखाली दानत्येन या 'ची'च्या केंद्रावर आणा, एकावर एक तळवा. परंपरेने पुरुषांचा डावा तळवा आत, स्त्रियांचा उजवा. दानत्येनची जागा बेंबीखाली साधारण तीन-चार बोटं. तिथे तळव्यांची ऊब कळेपर्यंत साधा श्वास घ्या, दोन-तीन मिनिटं पुरतात. श्वास मोजू नका, लांबवू नका. मग तळवे घासून गरम करा, चेहऱ्यावरून खालून वर आणि परत खाली फिरवा, कंबरेवर मागून चोळा, मांड्यांच्या बाहेरून हलके थोपटत घोट्यांपर्यंत जा. संगीत चालू असेल तर ते तळवे पोटावर येण्याआधीच बंद करा. घाम आला असेल तर लगेच थंड पाणी पिऊ नका आणि वाऱ्याच्या झोतात उभं राहू नका; आधी अंग कोरडं करा, अर्धा तास गेला की अंघोळ.